उचकी की ठसका?

आपल्या घरांत कोणाला उचकी लागली की दोन गोष्टी हमखास होतात. कोण आठवण काढतंय याचा शोध सुरू होतो आणि दुबईतल्या चाचांपासून मिरजेच्या खालापर्यंत सगळ्यांची नावे घेऊन होतात. तेवढ्यात कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करते. माणसाला यातले काहीच अपायकारक नाही. पण घरात गिनी पिग पाळलेला असेल आणि त्याला उचकीसारखे काही होताना दिसले, तर पाणी पाजण्याची ही सवय त्याच्या जिवावर बेतू शकते.

आधी नावाचे बोलू, कारण हा प्रश्न आम्हाला पालकांकडून नेहमी येतो. नावात ‘पिग’ असले तरी या प्राण्याचा डुकराशी काडीचाही संबंध नाही. तो उंदरासारखा कुरतडणारा प्राणी, आणि त्यातही आपल्या रानातल्या साळिंदराला जवळचा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथे त्याला ‘कुई’ म्हणतात आणि हजारो वर्षांपासून खाण्यासाठी पाळतात. हे नाव त्याला कसे चिकटले याच्या कथा बऱ्याच आहेत, त्यात आपण नको शिरायला.

आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने ईदीच्या पैशांतून असा एक गिनी पिग घेतला होता. एका संध्याकाळी तो फुटाणा खाताना मान ताणून झटके देऊ लागला. घरच्यांना वाटले उचकी आहे. दादींनी मायेने ड्रॉपरने पाणी पाजले आणि दहा मिनिटांत तो गेला. दुसऱ्या दिवशी ती वर्गात म्हणाली, “पाणी तर चांगलंच असतं ना?” आम्ही तिला जे सांगितले तेच इथे जरा विस्ताराने मांडतो.

गिनी पिगच्या शरीराची रचना आपल्याहून बरीच वेगळी आहे. तो श्वास जवळजवळ पूर्णपणे नाकानेच घेतो. तोंडाच्या मागच्या बाजूला त्याचा मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेला असतो आणि घशाकडे जायला मध्ये फक्त एक अरुंद भोक असते. तोंड तर इतके चिंचोळे, की मागे काय अडकले आहे ते डॉक्टरांनाही बॅटरी लावून नीट दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो ओकू शकत नाही. आपल्याला घास अडला तर उलटी होऊन मोकळे वाटते. त्याची ती वाटच बंद. अशा वेळी वरून पाणी ओतले तर ते अडकलेल्या घासाच्या बाजूने श्वासनलिकेत आणि फुप्फुसात उतरते.

खरी उचकी तशी साधी असते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा अचानक आकसतो, अंग ठरावीक अंतराने हलके उडते, कधी बारीक ‘चिक्’ असा आवाज येतो. घाईघाईने खाल्ल्या-प्यायल्यावर असे होते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. उचक्या चालू असतानाही तो इकडेतिकडे फिरतो, डोळे टवटवीत असतात, पुढ्यात कोथिंबीर टाकली तर ओढतो. अशा वेळी काहीही करू नये. उचलूही नये.

घास अडकल्यावरचे चित्र वेगळे. मान पुढे ताणलेली, तोंड उघडमीट करणारे, पुढच्या पायांनी तोंड ओरबाडणे, हनुवटीखाली लाळेने ओले झालेले केस, ओकारी येतेय असे वाटावे पण बाहेर काही येत नाही असे झटके. ओठ किंवा हिरड्या निळसर दिसू लागल्या तर वेळ फारच थोडा उरला आहे असे समजावे. त्याला एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्याने मागच्या पायांखाली भक्कम आधार देऊन उचला, काही क्षण डोके किंचित खाली राहील असे धरा, नाका-तोंडावरची लाळ कापडाने टिपून नाक मोकळे ठेवा. ओठांशी तुकडा दिसत असेल तर काढा, पण बोट किंवा कापसाची काडी आत घालू नका. तुकडा आणखी खोल जातो. पाणी, तेल, मध काहीही नको. काही जण प्राण्याला उलटे धरून झोके देण्याचा उपाय सुचवतात. आमच्या मते घरी, मुलांसमोर, घाबरलेल्या हातांनी तो करू नये. या प्राण्याचा कणा नाजूक असतो आणि हातून सुटला तर घास राहतो बाजूला. सरळ डॉक्टर गाठा.

तिसरी गोष्ट धाप, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. स्वस्थ गिनी पिग मिनिटाला साधारण 40 ते 100 श्वास घेतो, म्हणून भराभर हलणारी कूस पाहून लगेच घाबरू नये. पण श्वासाबरोबर घरघर किंवा टकटक आवाज येत असेल, नाकाडोळ्यांना चिकट पाणी असेल, अंग फुगवून तो कोपऱ्यात बसला असेल, तर ती उचकी नव्हे, बहुधा न्यूमोनिया आहे. हा आजार करणारा एक जंतू ससे आणि कुत्रे स्वतः ठणठणीत राहून बाळगू शकतात, म्हणून ससा आणि गिनी पिग एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. अशा वेळी घरात मुलांचे उरलेले अँटिबायोटिक सिरप दोन थेंब द्यायचा मोह होतो. देऊ नका! पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही आपल्याकडे सर्रास मिळणारी औषधे पोटात गेली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो त्यानेच दगावतो.

वारंवार ठसका लागत असेल तर दातांची शंका घ्यावी. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजले नाहीत तर खालच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या वाढतात आणि गिळणेच अवघड होते. म्हणून त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवतच हवे, दिवसभर पुढ्यात. लसूणघास चवीने खातो, पण त्यात कॅल्शियम जास्त, तेव्हा मोठ्या गिनी पिगला तो रोज नको. तयार गोळ्यांचे खाद्य दिवसाला एक-दोन मोठे चमचे पुरे. दोन प्राणी असतील तर वाट्या दोन ठेवा आणि लांब ठेवा. हावरटपणाने गिळण्याचे मूळ बहुधा भीतीत असते, की दुसरा खाऊन टाकेल. फुटाणे, शेंगदाणे, मक्याचे दाणे, सालासकट सूर्यफुलाच्या बिया मुळीच नकोत. पेरू द्यायचा तर बिया काढून, बारीक तुकडे करून. त्याच्या शरीरात आपल्यासारखेच क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून पेरू किंवा ढोबळी मिरची थोडी रोज हवीच.

डॉक्टरांचा शोध प्राणी आणण्याआधी घ्यावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. तिथल्या डॉक्टरांना गिनी पिग तपासता का, असे आधीच विचारून ठेवा, नसतील तपासत तर जवळच्या शहरात कोण तपासते ते त्यांनाच माहीत असते. आणि झटके येत असतील तेव्हा घरातल्या एकाने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत उचकी थांबलेली असते, आणि “असं असं करत होता” एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही.