हातकामाचे दुकान इटियाडोहला चालेल काय?

अर्जुनी-मोरगाव आणि वडसा भागातील काही तरुण मुलामुलींच्या मनात एक बेत घोळत आहे. इटियाडोह धरणाच्या वाटेवर हाताने शिवलेल्या, हाताने भरतकाम केलेल्या कपड्यांचे एक छोटे दुकान काढावे आणि मागच्या खोलीत चित्रे, नक्षी, विणकाम मांडण्याची व शिकविण्याची सोय करावी. घरातील वडीलधारी मंडळी हसतात. त्यांचे म्हणणे असे की, जेथे चहाची टपरी पावसाळ्यानंतर बंद होते तेथे तीन हजारांचा कुर्ता कोण घेणार? व्यापारी घराण्यांचे हे हसणे अगदीच चुकीचे नाही, पण आमचे मत त्यांच्याहून वेगळे आहे. दुकान निघावे. मात्र ते ज्या हिशेबाने काढण्याचा बेत आहे त्या हिशेबाने निघू नये.

प्रथम जागेविषयी. गाढवी नदीवरील हे धरण १९७० साली पुरे झाले, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. जवळच नवेगावबांध, त्याला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले की गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून माणसे येतात, मासळी खातात, फोटो काढतात आणि परततात. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. तेथेच दर्गाही आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही दोन्हीकडे जातात. म्हणजे गिऱ्हाईक येते, पण हंगामात येते आणि खिशात शंभर-दोनशेच्या खरेदीचा विचार ठेवून येते. या गिऱ्हाइकाच्या भरवशावर बारा महिने भाडे भरणारा माणूस दुसऱ्या दिवाळीपर्यंत टिकणार नाही. तेव्हा दुकान इटियाडोहला असले तरी त्याची कमाई ऑर्डरीवर असली पाहिजे. समोरचा काउंटर ही तोंडओळख समजावी.

याच परिसरात शिकण्यासारखे एक उदाहरण अर्ध्या शतकापासून आमच्या डोळ्यांसमोर आहे. १९७२ साली गोठणगाव-प्रतापगड भागात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत झाली. परक्या मुलखात, परक्या हवेत आलेल्या या लोकांनी शेती केली, गालिचे विणले आणि हिवाळा आला की शहरोशहरी स्वेटरची दुकाने लावली. देशभरातील तिबेटी विक्रेते हा माल बहुतांशी लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर घेतात आणि हंगाम संपला की पैसे चुकते करतात. एकाने बुडविले तर पुढच्या वर्षी साऱ्यांचीच पत जाईल, हे प्रत्येकाला ठाऊक असते. आमच्या बाजारपेठांत अशी सामुदायिक पत किती ठिकाणी आहे, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. स्वेटर यंत्रावर विणलेले असतात, आणि गिऱ्हाईक मात्र तिबेटी माणसाच्या हातून घेतले म्हणून ते हातविणीचे समजते. विक्रेता काही खोटे बोलत नाही, गिऱ्हाईक आपल्या मनाने समजून घेते. तरी हातकामाचे नाव शिल्लक राहते आणि हातकाम मागे पडते ते अशाच रीतीने. आपल्या मुलांनी दुकान काढले आणि दुसऱ्या वर्षी मागणी वाढली म्हणून सुरतेचा यंत्रावरील भरतकामाचा माल त्याच खुंटीवर टांगला, तर तोही याच वाटेने जाईल. यंत्राचा माल विकण्यात गैर काही नाही, पण त्यावर तशी चिठ्ठी हवी. ओले धान्य ढिगाच्या आत दडविणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) बाजारात जे खडसावले ते आम्ही खुतब्यात ऐकतो. ते कापडालाही लागू आहे.

विकायचे काय? येथे हा भाग गरीब नाही. आरमोरीच्या बाजूला ढीवर समाजाची कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवितात, भंडारा जिल्ह्यातील आंधळगावात कोशाचे कापड विणले जाते, आणि करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी साडी ही विदर्भाची जुनी ओळख आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र हाताचे म्हणून सगळेच चांगले, अशा भ्रमात कोणी राहू नये. कोशाचा धागा बायका मांडीवर घासून काढीत आल्या, त्याने कातडी सोलली जाते, जखमा होतात. केंद्रीय रेशीम मंडळाने ही पद्धत बंद व्हावी म्हणून ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले, ते योग्यच झाले. दुकानदाराने यंत्राचा धागा घ्यावा आणि तसे सांगावे. हातमागावर विणले, हाताने भरले, एवढे खरे सांगितले तरी पुरे आहे.

आमच्या समाजातील गिऱ्हाइकाचा विचार वेगळा करावा लागेल. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे, म्हणून आमच्याच पूर्वजांच्या कारागिरांनी मशरू काढले. त्यात वरून रेशमाची झळाळी असते आणि अंगाला सूत लागते. नावाचाच अर्थ ‘शरियतने परवानगी दिलेले’ असा आहे. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरूमध्येही सूत आणि रेशीम एकत्र येतात. धर्माच्या बंधनातून एक नवे कापड जन्माला आले आणि राजेरजवाड्यांनी ते वापरले, हे व्यापाराच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोसा आणि सूत यांच्या मिश्र विणीचा निकाहसाठीचा कुर्ता किंवा जॅकेट या भागात तयार होऊ शकते. कामठीच्या आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यातील विणकर घराण्यांत माग जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. ते आहेत तोवर त्यांना विचारावे.

आता भावाकडे येऊ, कारण अशी दुकाने भावातच बुडतात. एक हिशेब मांडून पाहू. कोसा-सुती मिश्र कापड ७०० रुपये, दोरा-बटणे ८०, शिलाई २५०, आणि गळ्या-बाह्यांवरील भरतकाम तीन दिवसांचे. रोजी ४०० धरली तर त्याचे १,२००. एकूण २,२३० झाले. दुकानाचे भाडे, वीज, न खपलेला माल यासाठी विक्रीच्या किमतीतील चौथा हिस्सा ठेवला तर किंमत सुमारे २,९७५ येते. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मुलगा म्हणतो, एवढे कोण देईल, चौदाशे लावू. चौदाशेला विकले की तो खूश, कारण कापड, दोरा, शिलाई मिळून १,०३० गेले आणि ३७० सुटले. भरतकाम बहिणीने केले, तिला काय द्यायचे, घरचेच आहे! आमच्या घरांतील जरीकाम, बिडी, गोधडी, सारे याच न्यायाने चालत आले. बापाने आणि भावाने व्यापार केला आणि मुलीच्या डोळ्यांचे मोल कोणी वहीत लिहिले नाही. जो धंदा घरच्या बाईची मजुरी शून्य धरल्यावरच नफ्यात दिसतो तो नफ्यात नाही, आणि आमच्या मते त्यातील कमाईच्या हलालपणाचाही विचार व्हावा.

तीन हजारांना गिऱ्हाईक नसेल तर कुर्त्यावर तीन दिवसांचे काम करू नये. अर्ध्या दिवसाचे करावे. २०० रुपये मजुरी धरली तर तोच कुर्ता साधारण १,६४० ला बसतो. रुमाल, पिशवी, टोपी, मुसल्ल्याची किनार हा माल धरणावर येणाऱ्या माणसाच्या खिशाला परवडतो. मोठे काम फक्त आगाऊ रक्कम घेऊन.

कराचेही येथेच सांगून टाकतो. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असून माल राज्यातच विकत असेल तर महाराष्ट्रात जी.एस.टी. नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. यंत्राचा कुर्ता २,५०० च्या वर क्वचित जातो, हाताचा सहज जातो. म्हणजे जास्त मजुरी वाटणाऱ्या मालावर जास्त कर! यावर कारागीर संघटनांनी आवाज उठवायला हवा. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश येथून लांब नाहीत, तिकडे माल पाठवायचा तर आधी जाणकारास विचारावे.

भांडवलासाठी व्याजाच्या दारी जाण्याचे कारण नाही. भांडवल एकाचे व मेहनत दुसऱ्याची असा मुदारबतचा करार आमच्याकडे आहेच. नफा ठरल्या हिश्श्याने, तोटा आला तर भांडवलवाल्याचा, आणि काम करणाऱ्याची मेहनत वाया. हे कागदावर लिहावे, नात्यागोत्यात तर अवश्य लिहावे. सरकारच्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३) शिंप्याचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये रोज आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत घेता येते. त्यातील कर्जाला ५ टक्के व्याज आहे, त्याचे ज्याने त्याने पाहावे. मात्र योजनेच्या १८ धंद्यांत विणकर नाही, जरी-भरतकामवालाही नाही. इतक्या मुसलमान हातांचा धंदा यादीतून सुटला आणि आमच्या पुढाऱ्यांनी त्याविषयी फारसे काही बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुकानात दुसऱ्या कारागिरांचा माल ‘विकला की पैसे’ या बोलीवर ठेवण्याचाही विचार आहे. आम्ही स्वतः एकदा असा माल एका शहरी दुकानात ठेवला होता. चाळीस नग दिले, आठ महिन्यांनी एकोणीस परत आले, त्यातील काही डागाळलेले, आणि उरलेल्या एकवीस नगांचा हिशेब आजतागायत मिळाला नाही. चूक आमचीही होती, पावती घेतली नव्हती. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे आणि आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो होतो! तेव्हा नगांची संख्या, भाव, दुकानाचा हिस्सा, पैसे देण्याची तारीख आणि खराबी झाल्यास भरपाई कोणाची, या पाच गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

मागच्या खोलीविषयी आमच्या काही बांधवांना शंका आहे, चित्रे म्हणजे जिवंत प्राण्यांची चित्रे काय? तशी सक्ती कोणी केलेली नाही. खुशखती आहे, जाळीची नक्षी आहे, ठशाची छपाई आहे, कोशापासून धाग्यापर्यंतचा प्रवास दाखविता येतो. गिऱ्हाइकाने काम होताना पाहिले की भावावरून घासाघीस निम्मी कमी होते, हा त्या खोलीचा खरा उपयोग. शिवाय वडसा हे झाडीपट्टी नाटकांचे केंद्र आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्री नाटके होतात, त्यांना पोशाख लागतात, पडदे लागतात. धरणाचे गिऱ्हाईक नसते तेव्हाचेच हे काम आहे.

या प्रकारचे दुकान चालते काय, याचे उत्तर दिल्लीत मिळते. चित्रकार ओरिजित सेन आणि गुरप्रीत सिद्धू यांनी १९९० मध्ये ‘पीपल ट्री’ हे हातकामाचे कपडे व कलावस्तूंचे छोटे दुकान कॅनॉट प्लेसला काढले. पुढे गोव्यात आसगावलाही थाटले. जानेवारी २०१८ मध्ये एका इंग्रजी मासिकाच्या मुखपृष्ठावर अभिनेत्री सोनम कपूर फ्रान्सच्या दिओर कंपनीच्या पोशाखात झळकली, आणि त्यावरील योगासनांच्या आकृत्या आमच्या ठशांच्या आहेत, असे या दुकानाने उघडपणे म्हटले. त्याच वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली. मिळालेला पैसा राजस्थानातील कालाडेरा येथील छपाई कारागिरांच्या जागेसाठी वापरू, असे दुकानाने सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीपुढे छोटे दुकान उभे राहू शकले ते नक्षी आपली असल्याचे दाखविता आले म्हणून. आमच्या कारागिराजवळ काय असते? ठसा झिजला की चुलीत जातो. प्रत्येक नक्षीचा कागद, तारीख, फोटो ठेवावा. कायद्यातील एक बारकावाही लक्षात असावा. नोंदणीयोग्य नक्षीची नोंदणी केली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर तिच्यावरील कॉपीराइट संपतो. जी नक्षी चालू लागेल तिची डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी, आणि तीही बाजारात आणण्यापूर्वी, कारण नंतर ती नवी मानली जात नाही.

आमची सूचना अशी की, वर्षाच्या भाड्याचा करार न करता पहिल्या खेपेस दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच जागा घ्यावी. नाटकांच्या कंपन्यांना आत्ताच भेटावे. आणि दुकानाचे बँक खाते भरतकाम करणाऱ्या मुलीच्या नावाने उघडावे, सहीही तिचीच असावी. ह. खदीजांचा (र.) व्यापार त्यांच्याच नावाने चालत होता, तेव्हा या सूचनेवर घरात वाद होण्याचे कारण नाही. झाला तर तो दुकान उघडण्यापूर्वी व्हावा.