लहान मंडळी, मोठी शाळा

मंडळीचा इतिहास लिहावयाचा म्हटला कीं, कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोणीं दिली, पाळक कोण कोण होऊन गेले, एवढ्यावरच तो पुष्कळदां आटोपतो. ही माहिती टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या मंडळीनें आपल्या माणसांस काय शिकविलें, हें विचारल्यावांचून तिचा खरा इतिहास हातीं लागत नाहीं, असें आमचें मत आहे. इंग्लंडांतील एका खेड्याच्या मेथॉडिस्ट मंडळीचें उदाहरण या दृष्टीनें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मनन करण्याजोगें आहे.

दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यांत टॉलपडल नांवाचें खेडें आहे. तेथील मेथॉडिस्टांनीं १८१८ सालीं मातीच्या भिंतींचें एक प्रार्थनामंदिर उभारलें. त्यास मनोरा नव्हता, कीं कसली शोभा नव्हती. शेतावरील कोठारासारखी ती साधी इमारत होती. पण आंत जी रीत चाले ती जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या परंपरेची होती. सुमारें दहाबारा सभासदांचा एक वर्ग असे. आठवड्यास एकत्र येऊन प्रत्येकानें आपल्या आत्मिक स्थितीचा हिशेब सांगावा व शक्तीप्रमाणें एखादी पेनी द्यावी. आठवडाभर नांगर धरणारा मजूरही रविवारीं उपदेशास उभा राहूं शके. उपदेश करावयाचा तर वाचतां यावें लागे, विचार जुळवावे लागत आणि चारचौघांत न भितां बोलावें लागे. याच मंडळीचा उपदेशक जॉर्ज लव्हलेस हा शेतमजूर होता. पोटास चिमटा घेऊन त्यानें धर्मविषयक पुस्तकांचा छोटासा संग्रह केला होता.

त्या काळीं टॉलपडलच्या मजुराची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठवर, आठांवरून सातवर आली. पुढें ती सहांवर येणार असें ऐकूं येऊं लागलें. एवढ्यांत कुटुंबाचें पोट भरणें अशक्य होतें. तीनच वर्षांपूर्वीं, १८३० सालीं, दक्षिण इंग्लंडांतील उपाशी मजुरांनीं मळणीयंत्रें फोडलीं होतीं, गंजी पेटविल्या होत्या, आणि त्यापायीं कित्येक फांसावर गेले होते. टॉलपडलच्या मजुरांनीं तो मार्ग धरिला नाहीं. १८३३ सालीं थॉमस स्टॅंडफील्डच्या घराच्या माडीवर ते जमूं लागले व त्यांनीं शेतमजुरांची एक मित्रसभा स्थापिली. तिला वर्गणी होती, लेखी नियम होते. आणि सभेचा हेतु दांडगाईनें कधींही साधणार नाहीं, असा एक नियमही त्यांत होता. वर्ग भरविणें, पैशाचा हिशेब ठेवणें, शब्द पाळणें हे धडे त्यांतील बहुतेकांनीं मातीच्या त्या मंदिरांतच गिरविले होते.

मजुरांनीं संघ काढणें १८२४ पासून गुन्हा राहिला नव्हता. म्हणून आरमारांतील बंडाच्या वेळीं, १७९७ सालीं, केलेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा बाहेर काढण्यांत आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजीं जॉर्ज व जेम्स लव्हलेस, थॉमस व जॉन स्टॅंडफील्ड, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट या सहा जणांस धरून नेलें. डॉर्चेस्टरच्या न्यायासनानें त्यांस सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. आपण कोणाच्याही अब्रूस, देहास वा मालमत्तेस धक्का लाविला नाहीं. आपल्या बायकामुलांची उपासमार टळावी इतक्यासाठींच आपण एकत्र आलों, असें लव्हलेसनें न्यायाधीशांस लेखी कळविलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. पण लोक उठले. एप्रिलांत लंडन येथें प्रचंड मिरवणूक निघाली, दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज झाला, आणि मार्च १८३६ मध्यें सरकारास क्षमा जाहीर करावी लागली.

यावर कोणी म्हणेल कीं, मंडळीनें आत्म्याची काळजी वाहावी. मजुरीच्या भानगडींत तिचें काय काम? त्या वेळचे मेथॉडिस्ट पंथाचे पुढारीही अशा संघांस अनुकूल नव्हते, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु आपला आत्मा देवापुढें मोलाचा आहे असें ज्यास दर आठवड्यास शिकविलें, तो आपल्या लेंकरांच्या भुकेस दैव मानून गप्प कसा बसेल? शेतांत राबणारांची अडकवून ठेविलेली मजुरी देवाच्या कानीं जाते, अशी याकोबाच्या पत्राची साक्ष आहे. ती साक्ष वाचावयास शिकवावयाची आणि तिचा अर्थ मात्र कळूं द्यावयाचा नाहीं, हें कोणत्याही मंडळीस साधणारें नाहीं.

सुटलेल्यांपैकीं पांच जण पुढें कॅनडांत जाऊन स्थायिक झाले. हॅमेट मात्र गांवींच राहिला व १८९१ सालीं वारला. तें जुनें मंदिरही मंडळीच्या हातून गेलें व शेतीच्या कामीं कोठारासारखें वापरलें जाऊं लागलें. गांवांत मेथॉडिस्टांचें नवें मंदिर १८६२-६३ च्या सुमारास झालें. त्यापुढें १९१२ सालीं सहा जणांच्या स्मरणार्थ कमान उभारली गेली. जुनी इमारत जतन व्हावी म्हणून एका विश्वस्त संस्थेनें ती २०१५ सालीं विकत घेतली. भिंती पडल्या असत्या तरी त्यांत घडलेलीं माणसें इतिहासांतून पुसलीं गेलीं नसतीं. पण त्यांची हकीकत लव्हलेसनें स्वतः लिहून छापली, म्हणूनच ती आज इतकी स्पष्ट आपल्यापर्यंत पोंचली आहे.

आपल्या खेड्यांतील मंडळ्याही लहानच आहेत. त्यांत पहिल्यानें अक्षर कोण शिकलें, गांवचीं पत्रें कोण वाचून दाखवी, कोणत्या आईनें मुलीस प्रथम शाळेंत धाडलें, कोणावर अन्याय झाला असतां कोण पाठीशीं उभें राहिलें, हें सांगणारीं वडील माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. विद्यार्थ्यांनो, नाताळच्या सुटींत घरीं जाल तेव्हां एक वही घेऊन आजीआजोबांजवळ बसा व हें सारें लिहून काढा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, आपल्या वडिलांनीं दुसऱ्याच्या शेतांत राबून दिवस काढले असतील, तर तें मुलांपासून लपवूं नका. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कोनशिलेवर जीं नांवें कोरलीं गेलीं नाहींत, तीं निदान आपल्या मुलांच्या वहींत तरी राहावीं.