किल्ली कोणाच्या हाती?

स्मरणिकेत शाळेच्या प्रगतीचे लेख पुष्कळ असतात. आम्ही मात्र एका कुलपाविषयी लिहिणार आहोत. ते आपल्या संगणक कक्षाचे कुलूप.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, वसतिगृह रिकामे झाले, मुले वाड्यावस्त्यांवर परतली. शिक्षण ऑनलाइन झाले. पण घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर सकाळीच कामावर जाणारा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) हे चित्र आधीच दिसले होते : संगणक शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे, ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्क्यांकडे. त्या ४.४ टक्क्यांत आपल्या वस्तीतली घरे किती असतील, हे वाचकांना सांगायला नको.

घरची ही उणीव भरून काढणे हे निवासी शाळेचे काम. शाळा पुन्हा सुरू होताच मोबाइलबंदी लागू झाली. ती योग्यच, असे आम्हीही म्हटले. मग दुसरी वाट कोणती ठेवली? संगणक आहेत, बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या दानातून आलेले. वर्गाला आठवड्यातून एक तासिका, एका यंत्रापुढे चौघे. माउस धीट मुलाच्या हाती, मुली मागे उभ्या. तासिका संपली की कुलूप. कारण विचारावे, तर उत्तर येते, ‘मुले बिघडवतात.’ यंत्रे की स्वतःला, हे कोणी स्पष्ट करत नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आपल्या शाळेतल्या नळाची हकिकत सांगितली आहे. नळ शाळेतच होता, पाणीही होते; शिपायाने सोडला तरच ते प्यायला मिळे. ती अस्पृश्यता होती, आणि आमचे कुलूप काळजीपोटी आहे, हा भेद आम्ही जाणतो. तरीही साधन समोर असताना दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहत बसणे आमच्या मुलांच्या वाट्याला आमच्याच हातून यावे, हे आम्हाला सलते.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन वसतिगृहातील मोबाइलबंदीच्या प्रकरणात इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आमची मुले लहान आहेत, म्हणून देखरेख हवीच. कुलूप ही देखरेख नव्हे.

रोज सायंकाळी वंदनेनंतर दोन तास कक्ष उघडा राहावा, किल्ली नववी-दहावीच्या मुलामुलींच्या समितीकडे असावी. शिक्षक म्हणून आम्ही आळीपाळीने बसू. माजी विद्यार्थ्यांनी आणखी एक संगणक पाठवण्याऐवजी इंटरनेटचे वर्षाचे बिल आणि दुरुस्तीचा खर्च उचलावा. पहिल्या आठवड्याचे वेळापत्रक आम्ही मुख्याध्यापकांकडे दिले आहे. त्यात सोमवार मुलींचा आहे.