तळपायांच्या आगीवर हृदयाचं औषध

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळपायांची आग सुरू होते. रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि दिवसा त्याच पायातली चप्पल कधी निसटली हे मात्र कळत नाही. आयसीएमआरच्या 2023 मधल्या पाहणीनुसार देशात मधुमेही 10 कोटींहून अधिक आहेत, तेव्हा हे दुखणं दुर्मीळ नव्हे. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलीन देऊनही ज्यांची रात्र तळमळतच जाते, त्यांच्यासाठी कधी कधी मेक्सिलेटिनचा विचार होतो. मुळात हे हृदयाचे अनियमित ठोके आवरण्याचं औषध. ते द्यावं का?

कल्पना ओढूनताणून आणलेली नाही. मज्जातंतूतला संदेश सोडियमच्या वाहिन्यांमुळे पुढे सरकतो. इजा झालेल्या तंतूत या वाहिन्या नको तिथे गोळा होतात आणि काही लागलेलं नसतानाही तो वेदनेचे संदेश धाडत राहतो. हृदयाच्या स्नायूतही सोडियमच्याच वाहिन्या काम करतात. दात काढताना भूल म्हणून टोचतात ते लिडोकेन त्या अडवतं. मेक्सिलेटिन हे त्याचंच पोटात घेता येणारं भावंड. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या डॅनिश प्रयोगात मधुमेही रुग्णांच्या वेदना त्याने कमी झाल्या, पण प्रयोग पूर्ण करणारे रुग्ण होते जेमतेम 16. पुढे कॉक्रेनच्या आढाव्यात 100 च्या मोजपट्टीवर सरासरी 11 च्या आसपास फरक दिसला. 2015 मध्ये मात्र मज्जातंतूंच्या वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सगळे प्रयोग एकत्र तपासून हे औषध वापरू नये अशी ठाम शिफारस केली.

हृदयाची भीतीही पोकळ नाही. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ठोके सुधारावेत म्हणून एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं. ठोके सुधारले, माणसं मात्र जास्त दगावली: 755 पैकी 63, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. ही औषधं मेक्सिलेटिनहून वेगळ्या उपगटातली, म्हणून तो आकडा जसाच्या तसा त्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. तरी अमेरिकेत मेक्सिलेटिनच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा याच चाचणीवरून छापला जातो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. ज्या मधुमेहाने पायांचे तंतू खराब केले, तोच हृदयाकडचे तंतूही बोथट करतो. अशा माणसाला अटॅक छातीत न दुखताही येऊन जातो. म्हणजे ज्याला हे औषध हवंसं वाटेल, त्याचंच हृदय आतून अधू असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. ‘मला छातीचा त्रास नाही’ हे त्याचं उत्तर इथे पुरेसं धरता येत नाही. ईसीजी हवाच, बहुतेकांना इकोही. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर मेक्सिलेटिन त्याची रक्तातली पातळी वाढवतं. अशी गोळी घरात असूनही डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

पण सरसकट नकारही मला मान्य नाही. एरिथ्रोमेलाल्जिया या विरळा आजारात काही कुटुंबांत सोडियम वाहिनीच्या जनुकातच दोष असतो. हातपाय लालभडक होऊन पेटल्यासारखे होतात. तिथे मेक्सिलेटिन दुखण्याच्या मुळाशीच जातं, आणि काहींना त्याने खरा आराम मिळाला आहे. शिवाय आपण बिनधास्त लिहून देतो ते अमिट्रिप्टिलीनही हृदयाच्या वाहिन्यांना हात लावतंच. उतारवयातल्या रुग्णाला ते सुरू करताना किती जण ईसीजी काढून घेतात?

म्हणून मधुमेहाच्या पायदुखीत मेक्सिलेटिन रांगेत शेवटी असावं. नेहमीची औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन झालेली असावीत, हृदय तपासलेलं असावं, आणि ते मज्जाविकारतज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून, जेवणासोबत, कमी मात्रेपासून सुरू करावं. थांबवायची तारीख पहिल्याच चिठ्ठीवर लिहावी. तोवर झोप सुधारली नसेल, हात थरथरत असतील किंवा मळमळीने जेवण जात नसेल, तर डॉक्टरांनी ते बंद करावं.