मॅन्युअलमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही : मग हा दोष ‘किरकोळ’ कसा?



समजा, तुम्ही दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर घेतलंत. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, ‘रोज रात्री आपोआप बॅकअप होतो.’ प्रत्यक्षात तुम्ही बटण दाबलं तरच होतो. तुम्ही तक्रार करता. समोरून उत्तर येतं, ‘सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतंय सर, फक्त मॅन्युअलची ओळ चुकलीय. किरकोळ आहे, पुढच्या व्हर्जनला बघू.’

माझं स्पष्ट मत आहे : हे किरकोळ नाही.

आधी दोन शब्द समजून घ्या. सिव्हिरिटी म्हणजे दोषामुळे नुकसान किती होतं. प्रायॉरिटी म्हणजे तो कधी दुरुस्त करायचा. बगझिलासारख्या दोष नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल अशा पायऱ्या असतात. प्रोग्रॅम बंद पडला नाही, डेटा उडाला नाही, की डेव्हलपरचा हात आपसूक खालच्या पायरीकडे जातो. तो कोडकडे बघतो, तुम्ही धंद्याकडे बघता. वाद इथेच सुरू होतो.

डेव्हलपरचंही थोडं ऐकू या. मॅन्युअलमधली प्रत्येक चूक गंभीर नसते. चित्रात बटण हिरवं आणि स्क्रीनवर निळं असेल, तर कोणाचं काय बिघडतं? म्हणून मी एकच प्रश्न विचारतो : ही ओळ खरी मानून ग्राहक काय करेल, आणि ती खोटी निघाली तर त्याचं काय जाईल?

बॅकअपच्या ओळीला हा प्रश्न लावा. ‘आपोआप होतो’ वाचून तुम्ही पेन ड्राइव्हवर कॉपी घेणं सोडून दिलंत. हार्ड डिस्क गेली, की उधारीचं सगळं खातं गेलं. सोय नाहीच असं लिहिलं असतं, तर तुम्ही सावध राहिला असतात. म्हणजे नसलेल्या सोयीपेक्षा खोटी खात्री जास्त महाग पडते!

दुसरं उदाहरण जीएसटीचं. ‘जीएसटीआर-१ साठी एचएसएन समरी आपोआप तयार होते’ असं लिहिलंय, पण होत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची. ती चुकली, तर तुमच्याकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं इनपुट क्रेडिट अडकतं आणि फोन तुम्हाला येतो. इथे सिव्हिरिटी तीच राहते, पण १० तारखेला प्रायॉरिटी एकदम वर जाते.

आणि हे फक्त सॉफ्टवेअरपुरतं नाही. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे आपल्याकडच्या १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ मध्येच आहे. लिहिलेली ओळ म्हणजे शब्द दिल्यासारखंच.

आता कामाचं बोलू.

घेणारे असाल तर : पैसे देण्याआधी ज्या तीन ओळींवर तुमचं काम अवलंबून आहे, त्या डेमोमध्ये करून दाखवायला सांगा. तक्रार करताना ‘सॉफ्टवेअर बोगस आहे’ म्हणू नका. कोणत्या पानावर काय लिहिलंय, मी काय केलं, काय झालं आणि त्यामुळे किती नुकसान होतंय, एवढं लिहून पाठवा. नुकसान कागदावर आलं, की ‘किरकोळ’ म्हणणं अवघड जातं.

विकणारे असाल तर : कोड दुरुस्त करायला महिना लागू दे, चुकीची ओळ आजच काढा. पण गुपचूप नको. ज्यांनी ती ओळ वाचून पैसे मोजले, त्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर कळवा. दोन ग्राहक चिडतील, बाकीच्यांचा डेटा वाचेल.

तुमचा धंदा सॉफ्टवेअरचा नसला, तरी आज स्वतःचं माहितीपत्रक घेऊन बसा. प्रत्येक ओळीला वरचा प्रश्न विचारा. एखाद्या ओळीवर अडखळलात, तर ती ग्राहकाच्या आधी तुम्हीच दुरुस्त करा.