घंटा कोणासाठी वाजते?
या आठवड्यात ओळखीच्या एका मुलीच्या आग्रहाखातर पुण्यातल्या एका टोस्टमास्टर्स क्लबच्या, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळाच्या, सभेला जाऊन बसलो, आणि भाषणांपेक्षा लक्षात राहिली ती वेळ मोजणारी पोरगी. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. लाल दिसताच एका कंपनीतले बडे साहेब मुकाट्यानं आवरते झाले. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं हा उद्योग सुरू केला. आपल्याला व्याख्यानांची हौस त्याहून जुनी. न्यायमूर्ती रानड्यांची वसंत व्याख्यानमाला १८७५ची. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत घंटाही असते, पण ती पोरांसाठी. प्रमुख पाहुण्यांसाठी ती वाजवायची कोणाची छाती होत नाही. या क्लबात तर 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजायलाही वेगळा माणूस, आणि कुठं फसलात ते सर्वांदेखत सांगणारा मूल्यमापकही. पुढच्या सभेला भूमिका बदलतात. आजचा मोजणारा उद्या मोजला जातो. आयत्या वेळी हाती आलेल्या विषयावर दोन मिनिटं बोलून माणसं धीट होतात, हे खरंच. पण माझ्या मते नेतृत्वाचा मोठा धडा मिळतो तो त्या स्टॉपवॉचपाशी: पदानं मोठ्या माणसाला न कचरता थांबवायचं, आणि आपली पाळी आली की न रुसता खाली बसायचं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना मी याच महिन्यात सभासद करणार आहे. वर्गणी मी भरीन.