नदी निळी नव्हती, फोटो निळा होता

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन वाचा. आणि आधीच सांगून टाकतो, यात पहिली चूक माझीच आहे.

मागच्या आठवड्यात आपल्या घाटाचा एक फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केला. पहाट, वर केशरी-जांभळे ढग, खाली निळंशार पाणी, घाटाचा एकेक दगड आत्ताच घडवल्यासारखा. आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या ग्रुपमधल्या मेडिकलवाल्या मित्राने तो काढला होता. ग्रुपवर पडल्यापडल्या अंगठे, फुलं, ‘एकच नंबर भाऊ’, ‘कडक’. मीपण अंगठा दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी तो पेपरला पाठवला. चार कॉलम लागला. खालची ओळ मीच लिहिली, पहाटेच्या उजेडात न्हालेला घाट वगैरे. दोन दिवसांनी तोच फोटो चौकातल्या फ्लेक्सवर चढला. वर ‘स्वच्छ नदी, सुंदर शहर’ आणि कडेने हात जोडलेले चेहरे. मेडिकलवाल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, पण तो विषय वेगळा.

घाटावर रोज धुणं घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी मला फ्लेक्सखालीच गाठलं. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही पेपरवाले ना? हे पाणी कुठल्या गावचं म्हणायचं?”

काय उत्तर देणार? कडेला जलपर्णी, नाल्याच्या तोंडाशी काळपट फेस, हे मी स्वतः बातमीत लिहिलंय. एकदा नाही, तीनदा.

आता ज्यांना हा एचडीआर प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला डोळा लबाड आहे. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहून बाहेरच्या उन्हाकडे बघितलं तरी तो पटकन जुळवून घेतो, आतली मूर्ती दिसते आणि बाहेरचा पिंपळही. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये हे झेपत नाही. आतला अंधार धरला की बाहेर पांढरा फटक, बाहेरचं धरलं की आत काळा ठिक्कर. म्हणून ट्रायपॉड लावून एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे, एक कमी उजेडाचा, एक बरोबर, एक जास्त उजेडाचा. मग सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही एकत्र करायचे. संगणकावरची ही रीत डेबेव्हेक आणि मलिक या दोघांनी 1997 साली नीट मांडली, 2005 मध्ये ती फोटोशॉपमध्ये आली, आयफोनमध्ये 2010 ला. आज तुमच्या खिशातला फोन न विचारताच हे करतो. म्हणजे ‘आम्ही एडिट करत नाही बुवा’ म्हणणाऱ्यांनीही जरा जपून बोलावं.

आणि हे खूळ आजचंही नाही. 1850 च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, अशा दोन जोडून एक चित्र छापलं. कारण तेव्हाच्या काचेवर आकाश कायम जळूनच यायचं. मी डिप्लोमाला असताना डार्करूममध्ये प्रिंटवर हाताने सावली धरून चेहरे उजळ केलेत. त्याला आम्ही खोटेपणा म्हणत नव्हतो, कसब म्हणत होतो.

त्यामुळे एचडीआर म्हणजेच फसवणूक, असं काही जण आता म्हणायला लागलेत ते मला मान्य नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही मेणवलीला गेलो होतो, नाना फडणवीसांच्या वाड्यावर. तिथल्या घाटावर छोट्या दगडी देवळात वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वरती अंधारात घंटा, मागे नदीचं लखलखतं ऊन. साध्या फोटोत घंटा म्हणजे नुसता काळा गोळा. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पाच एक्स्पोजर घेऊन जोडले, तर घंटेवरचं कोरीव काम दिसलं. मी तिथे दहा वेळा गेलोय, तो तपशील पहिल्यांदा फोटोत पाहिला. हे खरं एचडीआर. दिसत होतं पण कॅमेऱ्याला धरता येत नव्हतं, ते धरलं.

बिघडतं ते पुढे. सगळे स्लायडर उजवीकडे ढकलले की मजा येते, हे मी स्वतः केलंय. ढग तांब्याच्या भांड्यासारखे, गवत प्लास्टिकचं, माणसांचे चेहरे राख फासल्यासारखे. आणि कडांना पांढरी प्रभावळ. देवामागे प्रभावळ शोभते हो, विजेच्या खांबामागे कशाला? कासचंही तेच. पठारावरची बहुतेक फुलं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत, ती बसून बघायची असतात. फोटो बघून आलेला पाहुणा गाडीतून उतरतो आणि म्हणतो, “एवढंच?” यात फुलांचा काय गुन्हा?

आमच्या ग्रुपमध्ये हे कुणी कुणाला सांगत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. गावात सगळेच एकमेकांचे कुणीतरी. फोटो वाईट म्हटलं तर उद्या त्याच्याच दुकानात औषध आणायला जायचंय. मग ‘अप्रतिम सर’. सर एकटे बोलतात. त्यांनी एकदा एका पोराला लिहिलं, “झाडाची सावली पूर्वेला आणि ढगांवरचा उजेडही पूर्वेचा, मग सूर्य दोन आहेत का?” पोरगा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं की ढग दुसऱ्याच फोटोतले लावलेत. आज आमच्यात सगळ्यात चांगले फोटो तोच काढतो.

आणि आम्हा पेपरवाल्यांचा प्रश्न तर आणखी वेगळा. 2013 साली पॉल हॅन्सन या स्वीडिश फोटोग्राफरच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा पहिला पुरस्कार मिळाला, तेव्हा तो दोन-तीन फोटो जोडून केलाय असा आरोप झाला. आयोजकांनी मूळ फाइल तज्ज्ञांकडे दिली. फोटो खरा निघाला, फक्त रंग आणि उजेड सुधारलेला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मूळ फाइल मागता आली आणि दाखवता आली.

म्हणून मीपण मेडिकलवाल्याकडे गेलो. बिचाऱ्याने कुरकुर न करता तिन्ही मूळ फोटो काढून दाखवले. आणि गंमत बघा. सगळ्यात जास्त उजेडाच्या फ्रेममध्ये घाटाच्या सावलीतला नाला अगदी स्वच्छ दिसतोय, फेसासकट, अडकलेल्या पिशव्यांसकट. अंतिम फोटोत ती बाजू कापली गेली, मंद शटरमुळे उरलेला फेस धुक्यासारखा झाला, पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब रंग वाढवून निळंशार झालं. त्याने लबाडीने केलं नाही. “सुंदर दिसत नव्हतं म्हणून कापलं,” म्हणाला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण पेपरला देताना मूळ बघायला मागणं माझं काम होतं. मी मागितलं नाही.

मग आम्ही दोघांनी दुकान बंद झाल्यावर बसून त्याच तीन फ्रेम परत जोडल्या. कापाकापी नाही, रंग बेताचे. आकाश तितकंच देखणं आलं आणि खाली नालाही आला. तो फोटो या पोस्टला जोडलाय, शेजारी मूळ तिन्ही आहेत. पेपरात खुलासा द्या म्हणून डेस्कला फोन केला, तर तिकडून विचारलं, “फोटोचा कसला खुलासा?” अजून मागे लागलोय. फ्लेक्स बदलतील अशी मला आशा नाही, पण नवीन फोटो त्यांनाही पाठवलाय, फुकट.

ग्रुपवाल्यांना एक विनंती. यापुढे एचडीआर टाकलात तर सोबत मधली मूळ फ्रेम टाका आणि काय केलं ते दोन ओळीत लिहा. आणि बघणाऱ्यांनी अंगठ्याबरोबर एक वाक्य तरी लिहावं, काय खटकलं ते. माझ्या फोटोंपासून सुरुवात करा, मी रुसणार नाही. (एखादा दिवस रुसेन.)

येत्या रविवारी सकाळी सहाला घाटावर भेटतोय. ट्रायपॉड असेल त्याने आणावा, नसेल त्याने कठड्यावर फोन टेकवावा. मावशींनाही सांगितलंय, फोटो आधी त्यांना दाखवायचे ठरलंय.